बाबांची इंजिनं आणि आईचं बोलणं

टीव्हीवर कुठल्याही युद्धाची बातमी लागली की आमच्या गावच्या पानठेल्यावरून बाबांना बोलावणं यायचं. सानगडीच्या पुढचं धानाचं गाव आमचं. ठेल्यावर बसणारे सगळे शेतकरी, एखाददुसरा किराणावाला. पण कुठल्या देशाच्या विमानाला किती जोर, ही चर्चा तिथं अशी रंगायची की सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबायचा. याला कारण बाबाच. ते हवाई दलात लढाऊ विमानांच्या इंजिनांवर फिटर होते. उघडून दुरुस्त केलेलं इंजिन विमानात चढवण्याआधी लोखंडी चौकटीत जखडतात आणि पूर्ण जोरात चालवून बघतात. हे काम चालतं त्या शेडमध्ये बाबांची सगळी नोकरी सरली. निवृत्त होऊन गावी आले तेव्हापासून सगळे त्यांना फौजी म्हणत, आणि इंजिनाच्या बाबतीत फौजींचा शब्द शेवटचा.

मी साकोलीला शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की बस पकडून गावी यायचे. फाट्यावर उतरले की पहिलं दर्शन बाबांचं: बाकड्यावर मांडी घातलेली, दोन्ही हात हवेत, आणि आवाज पार देवळापर्यंत.

कोणी नुसतं विचारावं की फौजी, कोणाचं इंजिन भारी, की बाबा त्यालाच हिशेबाला बसवायचे. फ्रान्सच्या विमानाचं एक इंजिन साध्या चालीत पाच टनांचा जोर देतं, मागं आग लावली की साडेसात. रशियाच्या मोठ्या विमानाचं एकेक इंजिन आग लावून साडेबारा टनांच्या घरात जातं. आपल्या देशी हलक्या विमानाला बसवलंय ते साडेआठपर्यंत. आणि अमेरिकेचं एक असं आहे की एकटंच एकोणीस टनांनी ढकलतं. मग झालं ना, अमेरिका पहिली, असं कोणी म्हटलं की बाबांना तेच हवं असायचं. इंजिनाचं स्वतःचं वजन कोण धरणार? फ्रान्सचं टनाच्या आत, रशियाचं दीड टनाच्या पुढं. जोराला वजनानं भागलं तर दोघंही आठाच्या आसपास येऊन बसतात. पटासाठी जोडी निवडताना तुम्ही बैलाची उंची पाहता का, असं ते विचारायचे. बैलांच्या शर्यतीचं, शंकरपटाचं नाव निघालं की ठेल्यावरच्या प्रत्येकाला विमान कळायचं.

पुढं मग ती आग. तिला आफ्टरबर्नर म्हणतात. बाहेर पडणाऱ्या गरम वाऱ्यात पुन्हा तेल फवारून पेटवायचं. जोर दीडपट होतो आणि तेल तिप्पट जळतं. म्हणून ती आग उडताना, चढताना, जीव वाचवताना लावायची, गावभर मिरवायला नाही. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात हवाच पातळ होते, तेव्हा कागदावरचे टन कागदावरच राहतात. आणि सगळ्यात शेवटी बाबा बोट वर करायचे. कोणतं इंजिन किती तास चालल्यावर उघडावं लागतं, ते पाहा म्हणायचे. धावणं सगळ्यांना दिसतं, दम कोणी मोजत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की बसमधून उतरल्या उतरल्या मला तिथून पळ काढावासा वाटायचा.

त्यांची दुसरी आवडती गोष्ट कानांची. शेडमध्ये कानावर जाड डबे लावावे लागत. नवी पोरं ते घट्ट लावून उभी राहायची. बाबा मात्र एका कानाचा डबा थोडा वर सरकवायचे, मग बाजू बदलून दुसऱ्या कानाचा. बेअरिंग झिजायला लागलं की इंजिनाच्या शिट्टीत बारीक खर येते, ती डब्यातून कळत नाही असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वेळचे सगळे जुने फिटर असंच करायचे आणि त्याचा त्यांना मोठा गर्व होता. डबे घट्ट लावणारा फिटर म्हणजे डोळे मिटून सुई ओवणारा, असं ते म्हणायचे. ठेल्यावरची माणसं माना डोलवायची.

आता घरातलं सांगते. घरात हाच माणूस मुका.

आई दिवसभर बोलायची. बाबांच्या बदल्या चालू असताना ती गावातच राहिली, शेती पाहिली, मला वाढवलं, आणि हे सगळं तिनं बोलत बोलत केलं. निंदणाला गेली की बांधावर पोचायच्या आधी तिचा आवाज पोचायचा. बारीक, धारदार आवाज. बाबा कायमचे घरी आले तेव्हा तिला वाटलं, आता ऐकणारा माणूस मिळाला. ती चुलीपाशी बसून विचारायची, आज दाळ तुरीची टाकू का लाखोरीची? बाबा ओसरीतून म्हणायचे, हो. ती म्हणायची, सानगडीच्या बाजारात जाता का? बाबा पेपर उलटायचे. पहिल्या पहिल्यांदा ती चिडायची. एकदा माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या इंजिनासारखी मागून आग लावून घेऊ का जी, मंग आयकाल?" मी खूप हसले. बाबाही हसले, मला पाहून.

नवरे ऐकत नाहीत हा तर बायकांचा जुनाच विनोद. तो आमच्या गावात इतका चालतो की कोणाला त्यात काही वेगळं दिसलं नाही. मलाही नाही. ठेल्यावर कोपऱ्यातला म्हातारा पुटपुटला तरी बाबा उलट उत्तर द्यायचे, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर त्याच्या कोणत्या सिलेंडरमध्ये खोट आहे ते सांगायचे. म्हणजे कान ठणठणीत. मग आईचंच का ऐकू येऊ नये? आईनं याचं उत्तर स्वतःच काढलं होतं. ती मला फोनवर सांगायची की त्यांना माणसांचं आयकू येते, इंजिनाचं आयकू येते, माह्यं तेवढं नाही. मग हळूहळू ती त्यांच्याशी बोलायची थांबली. काही सांगायचं असलं की माझ्या हाती निरोप. मी शनिवारी जाऊन तो बाबांना द्यायचे आणि बाबा तो ऐकायचे. माझा आवाज पहिल्यापासून जाडा, पुरुषी, बापईसारखा. शिवाय वर्गात बोलून बोलून समोर उभं राहून तोंड मोठं करायची सवय. याचा संबंध मला नंतर कळला. तेव्हा मला एवढंच दिसायचं की माझ्या आईला तिच्या घरात कोणी विचारत नाही, आणि त्याचा मला संताप यायचा.

बाबांची बाजू मला एकदाच ऐकायला मिळाली. तलावाच्या पाळीवरून आम्ही शेताकडे चाललो होतो. बाबा मधेच थांबून म्हणाले की तुझी आई माझ्याशी बोलत नाही. एवढी वर्षं तिला गावात टाकून मी बाहेर राहिलो, त्याचा राग तिनं आता काढला आहे. तिचा हक्क आहे, मी काही म्हणत नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. मला मात्र ते नाटक वाटलं. ती बोलते तेव्हा पेपरात तोंड घालायचं आणि वर ती बोलत नाही म्हणायचं. मी पुढं चालायला लागले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आई पडली. तिचं हृदय अशक्त झालेलं होतं. चढ चढू नका, ओझं उचलू नका असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मागच्या अंगणात पाण्याची बादली उचलताना तिला भोवळ आली आणि ती तिथंच कलंडली. बाबा पुढच्या ओसरीत मोबाइलवर दोन विमानांच्या इंजिनांची तुलना पाहत बसले होते. तिनं हाका मारल्या. पुन्हा मारल्या. शेवटी शेजारची बाई कुंपण ओलांडून आली, तिनं पुढं जाऊन बाबांना हातानं ओढून आणलं. मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा आई खाटेवर होती, नाकात नळी. तिनं मला सगळं सांगितलं आणि तिच्या सांगण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी हाका मारल्या बाई. त्याईले उठावंसं नाही वाटलं."

मी बाहेर जाऊन बाबांना नको नको ते बोलले. दवाखान्याच्या व्हरांड्यात, लोकांदेखत. विमानाची शिट्टी ऐकू येते आणि बायको मरायला टेकली ते ऐकू येत नाही? ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले की मले आयकू नाही आलं बेटा. मला ते सरळसरळ खोटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या खाटेशी बसले होते आणि बाबा दाराकडे पाठ करून खिडकीशी उभे. नर्स आत आली. कोवळी मुलगी, किनरा आवाज. पेशंटचे मिस्टर कोण, इकडं या, सही पाहिजे. बाबा हलले नाहीत. तिनं पुन्हा सांगितलं. मग जवळ जाऊन जरा चिडूनच सांगितलं, तरी ते बाहेरच्या झाडाकडे बघत उभे. एवढ्यात बाहेरून वॉर्डबॉयनं साध्या आवाजात म्हटलं, काका, खुर्ची सरकवा जरा. बाबा लगेच वळले आणि खुर्ची सरकवली. मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, तिनं हे पाहिलं नाही.

आईला दवाखान्यातून घरी सोडल्यावर त्याच आठवड्यात मी बाबांना भंडाऱ्यालाच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानाला एकेक आवाज देत होते आणि आवाज आला की त्यांनी बोट वर करायचं होतं. जाडे आवाज आले तोवर बोट वर होत गेलं. मग बोट खालीच राहिलं. काचेपलीकडून ते माझ्याकडे बघत होते, पेपर अवघड गेलेल्या मुलासारखे. आत अजून आवाज चालू आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. इंजिनांच्या शिट्टीनं वर्षानुवर्षं कानाच्या आतल्या नाजूक नसा मारल्या आहेत, आणि त्यात आधी मरतात त्या बारीक आवाजाच्या. जाडे आवाज बरेचसे शाबूत. यांना ट्रॅक्टर ऐकू येईल, पुरुष माणूस ऐकू येईल. बायकांचे, लहान लेकरांचे, पाखरांचे आवाज गेले. कधीपासून? डॉक्टर म्हणाले, नोकरीत असतानाच सुरुवात झाली असणार. शांत घरात आल्यावर कमतरता जाणवायला हवी होती.

बाबा टेबलाकडे पाहत म्हणाले, "मले वाटलं, फवारणीनं मेली पाखरं."

बाबा माझ्याकडे वळले. "म्हणजे तुही आई बोलत होती?"

मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "रोज?"

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या शेजारी. दवाखान्यातलं माझं बोलणं मला आठवत होतं आणि त्यांना नक्की आठवत असणार. लाखनीच्या पुढं कधीतरी त्यांनी एवढंच म्हटलं की डबे घट्ट लावणारी पोरं शहाणी होती.

घरी आई ओसरीतल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. कोणता आवाज येतो, कोणता येत नाही, कधीपासून येत नाही. ते मुद्दाम करत नव्हते गं आई, असं म्हटलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल, इतक्या वर्षांचा सल निघेल. ती ऐकत राहिली. बाबा तिच्या पायाशी उभे होते, तिच्या ओठांकडे बघत. ती म्हणाली, "मंग एवढी वर्षं मी कोणाशी बोलली?"

बाबांनी मला विचारलं, "काय म्हणते?"

मला ते वाक्य त्यांना सांगावं लागलं. त्यांच्यासमोर उभी राहून, जाड्या आवाजात. ऐकून ते खाली बसले, जमिनीवरच.

पुढं कानाचं यंत्र आलं. बाबांनी ते हातावर घेऊन बघितलं, एवढ्याशा जिवात एवढा दम म्हणून त्याचं कौतुक केलं, आणि कानात घालताच दचकले. भांडं पडल्याचा आवाज त्यांना गोळीसारखा लागला. मग ते बाहेर जाऊन उभे राहिले. मुंगन्याच्या झाडावर चिमण्या होत्या. आत आले, आईच्या खाटेसमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, बोल आता.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "काय बोलू जी?"

काहीही बोल, ते म्हणाले. तिनं खरंच प्रयत्न केला. पण ज्या माणसाशी बोलणं तिनं मनातून पुसून टाकलं होतं, त्याच्यासमोर एकदम काय काढायचं? चहा घेतला का, असं तिनं विचारलं. घेतला, बाबा म्हणाले. मग दोघंही गप्प बसले, नवीन लग्न झालेली दोन अनोळखी माणसं बसतात तशी. थोड्या वेळानं ती मला म्हणाली, माझ्याकडे बघूनच म्हणाली, की बोलायचीही सवय असते, सुटली की सुटली. मला त्या क्षणी रडू आलं आणि मी आत गेले.

धान घरात आलं आणि थंडी वाढली तशी ती गेली. दुपारी, झोपेत. शेवटच्या दिवसांत ती बाबांशी बोलली ते सगळं कामापुरतं होतं. बाबांना त्यातला शब्द न् शब्द पाठ आहे. पाणी द्या. खिडकी लावा. तुम्ही जेवून घ्या. त्या दिवसांत शनिवारी मी गेले की ते मला हे शब्द सांगायचे, आणि सांगून झालं की थांबायचे, कारण पुढं काही नव्हतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. घरात आम्ही दोघंच उरलो तेव्हा बाबा माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "तुले तं सारं सांगत होती तुही आई. मले काय काय म्हणे ते सांग."

आधी मी टाळलं. कशाला आता, असं म्हटलं. ते उठले नाहीत. मग मी त्यांच्यासमोर नीट बसले आणि आठवेल तसं सांगायला लागले. ती म्हणायची, चुलीवरचे कवेलू सरकलेत, भाजीत पाणी टपकते, पाहा ना जी एकदा. बाबा म्हणाले, फेरून घेतो उद्या. ती म्हणायची, तुमची खाट भिंतीपासून ओढून घ्या, ओल अंगात जाईल. ओढतो, बाबा म्हणाले. ती म्हणायची, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटक पाहायला जाऊ, कोणी हसलं तर मागच्या रांगेत बसू. बाबांनी मान हलवली. जाऊ, म्हणाले. प्रत्येक गोष्टीला त्यांनी उत्तर दिलं. मला ते थांबवता आलं नाही आणि मला स्वतःलाही थांबता येईना.

मग मला आणखी एक आठवलं. सांगू की नको असं झालं, पण सांगितलं. ती म्हणायची, ठेल्यावर साऱ्या गावाले समजावून सांगता ते मलेही सांगा ना जी. माणसं आयकून येतात, मलेच मालूम नाही तुम्ही तिकडं काय करत होते.

यावर बाबा उद्या म्हणाले नाहीत. आईची खाट तशीच होती, गादी गुंडाळून डोक्याकडे ठेवलेली. त्यांनी स्टूल तिकडं वळवलं. "पाह्य," ते म्हणाले, "आधी इंजिनाले हवा आत घ्या लागते." मग पाती ती हवा कशी दाबतात ते सांगितलं, तेल कुठं पेटतं ते सांगितलं, जोर म्हणजे नेमकं काय ते सांगितलं. टनांचं, देशांचं नाव काढलं नाही. ठेल्यावरचा आवाज नव्हता तो, घरातला होता, मी कधी न ऐकलेला. ते सावकाश सांगत होते, समजलं का म्हणून मधे मधे विचारत होते, आणि उत्तरासाठी थांबत होते.